बत्तीसची गोळी अडते कुठे?

पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल म्हटलं की आपल्याकडे नेमबाज जसपाल राणाच आठवतो. १९९४ साली हिरोशिमाच्या एशियाडमध्ये त्यानं यात सुवर्ण जिंकलं आणि २००६ साली दोह्यात ५९० गुण मारून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. भिलाईच्या कारखान्यात रोलिंग मिलवर नोकरी करून निवृत्त झाल्यावर मलाही हा प्रकार खुणावू लागला. पण माझं पिस्तूल पॉइंट टू टूचं, आणि इथे कॅलिबर लागतं ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरमधलं. म्हणून त्याच पिस्तुलाचं पॉइंट थ्री टूचं, म्हणजे बत्तीसचं किट घेतलं. नळी, बोल्ट, मॅगझिन, सगळं वेगळं. परवान्याचे सोपस्कार आटोपले आणि रायपूरची रेंज गाठली.

पहिली गोळी झकास गेली. दुसरी मॅगझिनमधून चेंबरच्या वाटेतच अडली. पुढच्या मालिकेतही तेच.

रेंजवर सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी म्हणालं तेल घाला, कुणी म्हणालं स्प्रिंग बदला, कुणी म्हणालं गोळ्याच टाकून द्या. मिलमध्ये सळईचं डोकं रोलच्या खाचेत सरळ शिरलं नाही की लाल सळईचा गुंता होतो. आम्ही त्याला कॉबल म्हणायचो. तिथे आधी बघायचं ते डोकं कुठे आपटलं ते. इथेही तेच केलं.

पिस्तूल टार्गेटकडे धरूनच मॅगझिन काढली, चेंबर रिकामं केलं आणि अडलेलं काडतूस हातात घेतलं. या स्पर्धेची बत्तीसची गोळी वॉडकटर, म्हणजे टोक सपाट. कागदावर भोक स्वच्छ पाडते, पण चेंबरमध्ये शिरताना जरा वाकडी आली तरी कडेला अडते. माझ्या काडतुसाच्या शिशावर खालच्या बाजूला चंद्रकोरीसारखा ओरखडा होता. म्हणजे बोल्ट पुरेसा मागे जात होता, काडतूसही उचलत होता. गोळीचा जोर कमी पडला असता तर बोल्ट रिकामाच पुढे आला असता. स्प्रिंग आणि दारूगोळा दोन्ही सुटले.

उरली मॅगझिन. या काडतुसाला बुडाशी रिम असते. वरच्याची रिम खालच्याच्या रिममागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, म्हणून भरताना वरची रिम पुढे ठेवायची. तसं भरूनही अडलं. मग मॅगझिनांवर मार्करनं आकडे टाकले आणि डमी राउंड भरून बोल्ट हातानं सोडत गेलो. राउंड अडायचा तो दोन नंबरच्याच मॅगझिनमध्ये. तिचा एक ओठ किंचित फाकलेला होता, त्यामुळे काडतुसाचं नाक खाली झुकायचं. पकडीनं वाकवायचा मोह आवरला, आर्मररला दाखवली आणि बदलून घेतली.

स्पर्धेत पिस्तूल अडलं तर स्वतः खटपट करायची नसते. ते टार्गेटकडेच ठेवून हात वर करायचा, पंच येऊन बघतात. त्यामुळे निदान सरावातच झालेलं बरं. तेल, स्प्रिंग, गोळ्या एकदम बदलल्या असत्या आणि त्या दिवशी योगायोगानं एक नंबरची मॅगझिन हाताशी आली असती, तर श्रेय तेलाला देऊन मी खुशाल स्पर्धेला गेलो असतो. दोन नंबरची बॅगेत होतीच.