मास्टर बेडरूमचा मास्टर कोण?

फ्लॅट बुक करायला गेल्यावर आपण सगळ्यात जास्त वेळ कुठे रेंगाळतो, आठवून बघा. हॉलमधून आपण नुसतं चालत जातो, किचनमध्ये डोकावतो, पण सॅम्पल फ्लॅटच्या मास्टर बेडरूममध्ये मात्र चक्क पलंगावर बसून बघतो! मंद पिवळे लाइट, पांढरीशुभ्र चादर आणि काचेच्या दारापलीकडे चकाचक अटॅच्ड बाथरूम. कर्जाच्या कागदांवर सही करायची हिंमत तिथेच येते.

ठाण्यात घोडबंदर रोडला आमचा टू बीएचके. ईएमआय दोघांच्या पगारातून निम्मा-निम्मा. त्यामुळे मास्टर बेडरूम आपली, यावर कधी चर्चासुद्धा झाली नाही. तीन वर्षं भाड्याच्या वन बीएचकेमध्ये काढल्यावर माझी यादी रेडी होती. सहा बाय साडेसहा फुटांचा किंगसाइज बेड, समोर भिंतभर वॉर्डरोब, बाथरूममध्ये रेन शॉवर आणि सकाळी बाहेरून 'झालं का?' असं ओरडणारं कुणी नाही.

या स्वप्नांना पहिला झटका दिला मेजरिंग टेपने. खोली १० बाय १३. बेडची लांबी साडेसहा फूट, समोरचा वॉर्डरोब २ फूट खोल. मधे उरले दीड फूट! म्हणजे वॉर्डरोबचं दार उघडायचं तर आधी बेडवर चढायचं. बाथरूम साडेचार बाय साडेसात, जेमतेम ३४ चौरस फूट. बाथरूम आणि टॉयलेट एकत्र असेल तर नॅशनल बिल्डिंग कोड किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३० चौरस फूट जागा मागतो. आम्ही काठावर पास. (टिप: रेराच्या कार्पेट एरियात आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते. त्यामुळे फर्निचर ठरवायचं ते टेप लावूनच.)

दुसरा झटका सासूबाईंच्या गुडघ्यांनी दिला. त्यांची बिल्डिंग बिनलिफ्टची, घर तिसऱ्या मजल्यावर आणि डॉक्टरांनी जिने बंद सांगितले. त्या आमच्याकडे राहायला येणार, हे पाच मिनिटांत ठरलं. प्रश्न नंतर उभा राहिला. दुसऱ्या बेडरूमला अटॅच्ड बाथरूम नाही, कॉमन बाथरूम पॅसेजच्या टोकाला. आणि आईंना रात्री दोन-तीन वेळा उठावं लागतं.

मी लगेच आयडिया लढवली. कॉमन बाथरूमची एक भिंत दुसऱ्या बेडरूमला लागून आहे, तिथे एक दार काढलं की झालं! काँट्रॅक्टरने भिंतीवर टिचकी मारली आणि मान हलवली. 'मॅडम, ही मायवन आहे. हात लावायचा नाही.' हल्लीच्या बऱ्याच टॉवर्समध्ये भिंती विटांच्या नसतात. अॅल्युमिनियमचे साचे लावून स्लॅबबरोबरच काँक्रीटमध्ये ओततात. त्या बिल्डिंगचा भार पेलतात, त्यामुळे फोडायचा विषयच नाही. मग त्या बेडरूमच्या कोपऱ्यात छोटं टॉयलेट काढू या? तेही नाही. पाइपांसाठी स्लॅब खाली घेतलेला असतो तो फक्त बाथरूमच्या जागी. दुसरीकडे पाणी नेलं तर खालच्यांच्या बेडवर ओल ठिबकणार.

म्हणजे उरला एकच प्रश्न, ती खोली कुणाची?

खरं सांगते, मला वाईट वाटलं. आयुष्यातली वीस वर्षं ज्या खोलीसाठी बँकेकडे गहाण टाकली, ती ताब्यात येण्याआधीच सोडायची? नवरा गप्प. त्याने आईची बाजू घेतली असती तर भांडता तरी आलं असतं.

कोंडी फोडली आईंनीच. टाइल्सचे सॅम्पल बघता बघता म्हणाल्या, 'अगं, मला कशाला एवढी खोली? तुम्हीच घ्या ती.' आणि मग पहिल्यांदाच वरळीच्या बीडीडी चाळीतल्या त्यांच्या नव्या संसाराबद्दल बोलल्या. १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी, १६० चौरस फुटांची खोली आणि संडास मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून. त्या एका खोलीत सासू-सासरे, दोन दीर आणि हे नवरा-बायको. 'आतून कडी लावता येईल अशी खोली आम्हाला मिळालीच नाही गं. तुम्हाला मिळतेय, तर सोडू नका.'

मी काही बोलू शकले नाही. पण रात्री प्लॅन समोर घेऊन बसले तेव्हा एक गोष्ट क्लिअर झाली. कडी दुसऱ्या बेडरूमलाही आहे! आम्हाला हवी होती प्रायव्हसी, ती दोन्ही खोल्यांत मिळते. आईंना हवी होती चार पावलांवर बाथरूम, ती एकाच खोलीत आहे. सकाळी आईंना हे सांगितलं. त्यांनी बराच वेळ आढेवेढे घेतले, मग हळूच विचारलं, 'आत बसायला स्टूल मावेल ना?'

मग प्लॅन नव्याने आखला. बेड ४ फूट रुंदीचा, नेहमीपेक्षा थोडा उंच. बेडपासून बाथरूमपर्यंत ३ फुटांची वाट मोकळी, मधे ना गालिचा ना टीपॉय. कमोड सीटसकट १८ इंच उंच, म्हणजे उठताना गुडघ्यांवर जोर कमी. शेजारी पावणेतीन फुटांवर स्टीलचा दांडा, तोही थेट काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेला. टाइल मॅट फिनिशची. हँड शॉवर, खाली स्टूल. रात्रभर जळणारा छोटा दिवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दार बाहेर उघडणारं आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडकून बसतं. टाइल्स लावण्याआधी वॉटरप्रूफिंग करून ४८ तास पाणी भरून ठेवलं. खालच्या मजल्यावर डाग आला नाही, तेव्हाच पुढचं काम सुरू केलं.

आमच्या वाट्याला १० बाय १० आली. त्यात ५ फुटी क्वीन बेड आणि सरकत्या दारांचा वॉर्डरोब बसला. सकाळी आठ दहाच्या स्लॉटसाठी कॉमन बाथरूमबाहेर नवरा-बायकोची मारामारी चालूच असते. रेन शॉवर मात्र मी सोडला नाही, तो कॉमनमध्ये लावून घेतला!

तुमचंही घर व्हायचं असेल तर टाइल्सचा रंग निवडण्याआधी घरात एक प्रश्न विचारा. रात्री तीन वाजता कोण उठतं? त्याचा बेड आधी मांडा, बाकी फर्निचर नंतर.