वाट करून देणारा

सॅपरचं, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअर जवानाचं, काम मागे उरत नाही. नदीवर पूल टाकायचा, गाड्या आणि रणगाडे पलीकडे गेले की तोच पूल सुटा करून ट्रकांत भरायचा. सुरुंग काढले की जमीन पुन्हा जमिनीसारखी दिसते. पायदळाने घेतलेल्या टेकडीला नाव मिळतं, पलटणीच्या इतिहासात तिची तारीख लागते. आम्ही मोकळ्या केलेल्या वाटेवर दुसऱ्या दिवशी फक्त चाकांचे माग असतात. माझा दोस्त गेल्या पावसाळ्यात गेला, तेव्हापासून हे माझ्या मनातून हलत नाही. तो नखशिखांत सॅपर होता. शौर्यपदक त्याला मिळालं नाही, त्याच्या नावाचा फलकही कुठे लागणार नाही. तरी मी पाहिलेल्या फौजींमध्ये लोकांच्या उपयोगी सर्वांत जास्त पडलेला माणूस तोच, असं मी शपथेवर सांगेन.

आम्ही दोघं 1980च्या दशकात खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये रंगरूट म्हणून दाखल झालो. तो माण तालुक्यातला, मी कोरेगावकडचा. एका संध्याकाळी आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी राम राघोबा राणे यांची हकीकत सांगितली. राणेसाहेब कारवारजवळच्या चेंडियाचे आणि आमच्याच ग्रुपचे. एप्रिल 1948 मध्ये फौज नौशेराहून राजौरीकडे निघाली, तेव्हा रस्त्यात सुरुंग पेरलेले होते, झाडं आडवी पाडलेली होती. मांडीला जखम झालेली असताना राणेसाहेब रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत गेले आणि दोरीच्या इशाऱ्याने चालकाला पुढे घेत राहिले. परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले. पुढे 1994 मध्ये ते पुण्यात वारले. हकीकत संपल्यावर बाकीचे छाती फुगवून बसले होते. माझ्या दोस्ताने मात्र उभं राहून विचारलं, "उस्ताद, पहिल्या दिवशी मॉर्टरच्या माऱ्यात दोन सॅपर गेले म्हणालात. त्यांची नावं काय?" उस्तादांना नावं ठाऊक नव्हती. ते रागावले नाहीत, थोडा वेळ गप्प राहिले आणि त्याला खाली बसायला सांगितलं. पुढची सगळी वर्षं मी ज्या माणसाबरोबर काढली, तो मला त्या प्रश्नात पहिल्यांदा दिसला.

आम्ही सुटे भाग जोडून टाकायचो त्या बेली पुलाचं एक पॅनल 10 फूट लांब आणि जवळपास 260 किलोचं असतं. ते सहा जणांनी उचलायचं. आडवे बार कोपराच्या खोबणीत धरून एका हुकमावर उठायचं, एका हुकमावर ठेवायचं. एकाने जरी दम सोडला तरी पॅनल दुसऱ्याच्या पायावर येतं. पूल एकाच काठावर जोडत रोलरवरून पुढे ढकलत न्यायचा असतो, आणि समोरचा काठ लागेपर्यंत त्याचं पुढचं टोक हवेत असतं. पावसात, अंधारात, बोटं बधिर झालेली असताना माझ्या समोरच्या बारवर दोस्त आहे एवढं मला पुरायचं.

डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि फौजा सरहद्दीवर गेल्या. पंजाब-राजस्थानच्या शेतांतून सुरुंग पेरले गेले. पेरायला आम्हीच होतो. ऑक्टोबर 2002 मध्ये परतीचा हुकूम आला, तेव्हा ते काढायलाही आम्हीच. पेरण्यापेक्षा काढणं कितीतरी जड. लहान सुरुंग तळहातात मावतो, बहुतेक सगळा प्लॅस्टिकचा. धातू इतका थोडा की डिटेक्टरवर विसंबता येत नाही. मधल्या पावसाळ्याने काही सुरुंग जागचे सरकलेले असतात. मग पोटावर आडवं होऊन प्रॉडरची सळई मातीत तिरकी घालायची. तिरकी एवढ्यासाठी, की टोक सुरुंगाच्या बाजूला लागावं, माथ्यावर दाब पडू नये. बोटाबोटाच्या अंतरावर टोचत जायचं. त्या महिन्यांत फौजेची किती तरी माणसं गेली, कितींचे पाय गेले. लढाई तर झालीच नव्हती.

पंजाबातल्या एका शेताचा मालक रोज बांधावर येऊन बसायचा. म्हातारा सरदार. गव्हाचा हंगाम टळत चालला होता आणि त्याचं वर्षाचं पोट त्या तुकड्यावर होतं. काम झालं, खुणेच्या पांढऱ्या फिती गुंडाळल्या, नकाशावर सही झाली, तरी तो उठेना. म्हणाला, "साब, हल चलाऊँ?" आणि पाय मात्र पुढे टाकेना. तेव्हा माझा दोस्त शेतात उतरला. एका कोपऱ्यापासून नांगराच्या तासासारखा सरळ चालत गेला, वळला, परत आला, पुन्हा वळला. सगळं शेत त्याने पायांनी पालथं घातलं. आम्ही बांधावर उभे होतो. आमच्यातल्या कुणालाही तसं करायला हुकूम नव्हता, त्यालाही नव्हता. सरदार उठला, त्याच्या मागोमाग मधोमध गेला, मातीचं एक ढेकूळ हातात घेऊन फोडलं आणि मुलाला ट्रॅक्टर आणायला सांगितला. मी त्या रात्री विचारलं, "भीती नाही वाटली रे?" तो म्हणाला, "माझ्याच कामावर मी चाललो नाही, तर त्यानं कशाच्या भरवशावर चालायचं?"

2017 मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसं गेली. तिथला पादचारी पूल लष्कराच्या इंजिनिअरांनी बांधला, फेब्रुवारी 2018 मध्ये तो खुला झाला. आम्ही तेव्हा पेन्शनवर होतो. तो मला मुद्दाम मुंबईला घेऊन गेला. ऐन गर्दीच्या वेळी आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. माणसं डबे सांभाळत, फोनवर बोलत पळत होती. मी म्हणालो, पूल कुणी बांधला याकडे कुणाचं लक्षसुद्धा नाही. तो एकदम खुशीत म्हणाला, "पूल हलला असता तर थांबून बघितलं असतं. कुणी बघत नाही, म्हणजे काम पक्कं झालंय."

निवृत्तीनंतर गावाने त्याला रिवाजाप्रमाणे 'मेजर' केलं. तो हवालदार होता आणि विचारणाऱ्याला तसं सांगायचा. खरं काम त्याने यानंतर केलं असं मला वाटतं. आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावं आहेत. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे 46 जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. पण जो जवान परत आला, पेन्शन घेतली आणि अंथरुणावर वारला, त्याच्या बायकोच्या हाती एक कागदांची पिशवी उरते. तिचं माहेरचं नाव एक, लग्नात ठेवलेलं दुसरं, आधार कार्डावर तिसरंच. नवऱ्याने भरतीनंतर घाईत चौथं लिहून दिलेलं असतं. नावं जुळेनात म्हणून कुटुंब निवृत्तिवेतन अडतं. माझा दोस्त अशा म्हाताऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचा. आधी चहा, मग चष्मा पुसणं, मग हळूच, "आजी, माहेरी तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे?" कुणी लाजायच्या, कुणी डोळ्याला पदर लावायच्या. कित्येक वर्षांत ते कुणी विचारलेलं नसायचं. मग प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, दुरुस्त पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, वाट पाहणं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी चालता न येणाऱ्यांना तो मोटारसायकलवर बसवून न्यायचा. एसटीच्या तिकिटाचे पैसेसुद्धा त्याने कुणाकडून घेतले नाहीत.

तो गेल्यावर दहाव्याला मी वहिनींना कागदपत्रांचं विचारलं. त्यांनी फौजी ट्रंक उघडून दिली. वरच खाकी फाइल होती. त्यात पीपीओची प्रत, दोघांचा एकत्र फोटो, जोडखात्याचं पासबुक, प्रत्येक कागदावर त्यांचं नाव अक्षर न् अक्षर सारखं. निवृत्तीच्या वर्षीच त्याने ते करून ठेवलं होतं. वहिनींचं पेन्शन विनासायास सुरू झालं.

त्या फाइलीच्या खाली त्याची कापडी पिशवी होती. ती आता माझ्याकडे आहे. तिच्यातलं एक प्रकरण अर्धवट राहिलंय, 1971च्या लढाईत असलेल्या एका सॅपरच्या बायकोचं. प्रतिज्ञापत्र माझ्या दोस्ताच्या हस्ताक्षरातच तयार आहे, ग्रामपंचायतीचा दाखला राहिला होता. ग्रामसेवक सोमवारी देतो म्हणालेत. मिळाला की मंगळवारच्या पहिल्या एसटीने मी खडकीला जाणार आहे.