मजुरी सरकारची, भिंत कोणाची?

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसांनी सरकारी कामांवर खडी फोडली, पाझर तलावांची माती उपसली. आठवड्याचा पगार हाती पडला की सरकार आणि मजूर यांच्यातील व्यवहार पुरा होई. फोडलेली खडी काही बोलत नाही. पण दुष्काळी कामावर चित्रकार नेमला आणि त्याच्यापुढे कोरी भिंत ठेवली, तर? अमेरिकेने १९३३च्या डिसेंबरात नेमके हेच केले. आणि पुढच्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोतील एका नव्याकोऱ्या मनोऱ्याला कुलूप घालावे लागले.

महामंदीचे ते चौथे वर्ष होते. दर चार कामगारांमागे एक बेकार. चित्रकार जॉर्ज बिडल हे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे शाळासोबती. मेक्सिकोतील सरकारने तरुण चित्रकारांना कारागिराच्या मजुरीवर सार्वजनिक भिंती रंगवावयास दिल्या, तसे येथेही करावे, असे पत्र त्यांनी मे १९३३मध्ये रूझवेल्ट यांना लिहिले. मदतकार्याचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स यांची भूमिका साधी होती : चित्रकारालाही इतरांसारखीच भूक लागते. यातून ‘पब्लिक वर्क्स ऑफ आर्ट प्रोजेक्ट’ ही योजना निघाली. ती जेमतेम सहा-सात महिने चालली. तेवढ्यात सुमारे ३,७५० कलावंतांनी साडेपंधरा हजारांहून अधिक कलाकृती घडवल्या. (या काळातील प्रत्येक भित्तिचित्राला सरसकट ‘डब्ल्यूपीए’चे म्हणण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे. डब्ल्यूपीएचा जन्मच १९३५चा.)

सॅन फ्रान्सिस्कोत टेलिग्राफ हिल नावाची टेकडी आहे. लिली हिचकॉक कॉइट या धनिक बाईंनी मृत्युपत्राने शहराला दिलेल्या पैशातून तेथे २१० फूट उंचीचा काँक्रीटचा मनोरा उभा राहिला. १९३३च्या ऑक्टोबरात कॉइट टॉवर बांधून पुरा झाला, पण आतील भिंती उघड्याबोडक्या होत्या. शहरातील पंचवीसेक चित्रकार आपल्या मदतनिसांसह तेथे कामाला लागले. मिळायची ती आठवड्याची मजुरी.

त्यांनी बहुतांश भिंतींसाठी निवडलेले तंत्र मुद्दाम सांगण्यासारखे आहे. अजिंठ्याचा रंग सुकलेल्या गिलाव्यावर बसला आहे. येथे रंग चढला तो ओल्या चुन्यावर. एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी लिंपायचा आणि तो आळण्यापूर्वी चित्र पुरे करायचे. रंग चुन्यात मुरतो, भिंतीचाच भाग होतो. नंतर आकृती नको झाली, तर पुसता येत नाही. गिलावाच खरवडावा लागतो.

विषय ठरला होता कॅलिफोर्नियाचे जीवन. शेते, फळबागा, कारखाने, शहराचे रस्ते. व्हिक्टर आर्नॉटॉफ यांनी गजबजलेला चौक रंगवला आणि तेथील वृत्तपत्रांच्या टपरीवर ‘न्यू मासेस’ व ‘डेली वर्कर’ ही डावी नियतकालिके मांडली. बर्नार्ड झाखाइम यांच्या ग्रंथालयात एक मनुष्य हातातले वर्तमानपत्र चुरगाळत मार्क्सच्या ‘दास कापिटाल’कडे हात नेतो. त्याचा चेहरा आहे सहकारी चित्रकार जॉन लँग्ली हॉवर्ड यांचा. क्लिफर्ड वाइट यांनी तर खिडकीवर थेट कोयता-हातोडा काढला. काम सुरू असतानाच, फेब्रुवारी १९३४मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील दिएगो रिवेरा यांचे भित्तिचित्र मालकांनी फोडून टाकले. कॉइट टॉवरच्या चित्रकारांनी मनोऱ्यापाशी निषेधसभा घेतली. झाखाइम यांच्या चित्रातील एका वर्तमानपत्राचा मथळाही त्याच घटनेचा आहे.

मे महिन्यात टेकडीच्या पायथ्याशी पसरलेल्या बंदरात गोदी कामगारांचा संप सुरू झाला. ५ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोघे ठार झाले आणि १६ जुलैपासून चार दिवस सारे शहर संपावर गेले. अशा वेळी वर मनोऱ्यात कोयता-हातोडा! वृत्तपत्रांनी गदारोळ उठवला. उद्घाटन लांबले, दारे बंद राहिली. अखेर ऑक्टोबरात मनोरा लोकांना खुला झाला, तेव्हा वाइट यांचे ते चिन्ह काढून टाकलेले होते. बाकी चित्रे वाचली. ‘कापिटाल’कडे गेलेला हातही वाचला.

या प्रकरणाकडे ‘सरकारच्या पैशावर सरकारविरोधी प्रचार’ म्हणून पाहणे सोपे आहे, पण अपुरे आहे. चित्रकाराला आश्रित न मानता रोजंदारीचा कामगार मानण्याचा निर्णय सरकारचाच होता. त्यांनी तो अक्षरशः स्वीकारला. संघटना बांधली आणि कामगारांच्या बाजूने उभे राहिले. आश्चर्य वाटावे ते या गोष्टीचे नव्हे, तर एवढ्या गदारोळातही एकच चिन्ह गेले याचे.

आर्नॉटॉफ यांची कथा मात्र तेथे थांबत नाही. एकेकाळी रशियातील श्वेतसेनेत घोडदळात असलेला हा मनुष्य मेक्सिकोत रिवेरांच्या हाताखाली घडला. १९३६मध्ये त्यांनी त्याच शहरातील जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये वॉशिंग्टन यांचे चरित्र रंगवले. या वेळी पैसा खरोखर डब्ल्यूपीएचा होता. राष्ट्रपित्याच्या मळ्यावर राबणारे कृष्णवर्णीय गुलाम आणि पश्चिमेकडे निघालेल्या गोऱ्या वसाहतकारांच्या पायाशी पडलेले मूलनिवासी माणसाचे प्रेत, हे सारे त्यांनी शाळेच्या प्रवेशदालनात मांडले. पाठ्यपुस्तके ज्याविषयी गप्प होती, ते भिंतीने सांगितले.

पण त्या भिंतीखालून रोज जाणाऱ्या कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी मुलांना ते कसे दिसत असेल? हा प्रश्न विद्यार्थ्यांनीच १९६०च्या दशकात विचारला, आणि तो क्षुल्लक नव्हता. उत्तर म्हणून ड्यूई क्रम्प्लर या तरुण कृष्णवर्णीय चित्रकाराने त्याच शाळेत नवी भित्तिचित्रे रंगवली. ती १९७४मध्ये पूर्ण झाली. जून २०१९मध्ये शाळा मंडळाने आर्नॉटॉफ यांची चित्रे रंग फासून बुजवण्याचे ठरवले. ऑगस्टमध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी, बुजवण्याऐवजी ती झाकावीत असे ठरले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२२मध्ये मंडळाने आपला निर्णय मागे घेतला.

२०१९च्या त्या वादात ही चित्रे नष्ट करू नयेत, असे जाहीरपणे सांगणाऱ्यांत क्रम्प्लरही होते.