काकूचं रांगड्याचं रोप

आज खत-फवारणीचं काही नाही. धर्माचं वाचायचं नसेल त्यांनी पुढं सरकावं, राग नाही. पण गोष्ट शेतातलीच आहे.

सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या एका माणसाचा व्हिडिओ आम्हा ख्रिस्ती पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर फिरत होता. २३ नाहीतर २४ सप्टेंबरला प्रभू येशू येणार आणि विश्वासणाऱ्यांना वर घेऊन जाणार, असं तो सांगत होता. माझ्या चुलतीने तो तीनदा पाहिला. वय सत्तरच्या पुढं. तिचं रांगड्या कांद्याचं रोप लागणीला आलेलं, बायका सांगून ठेवलेल्या. तिने लागण थांबवली. समजवायला गेलो तर म्हणाली, "आरं, कांदा कुणासाठी लावू? मला आता दुसरी कामं हायेत."

मग मी तिला विल्यम मिलर सांगितला. हा न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टनचा शेतकरी. दानीएलाच्या पुस्तकातल्या दिवसांचा हिशेब मांडून, येशू १८४३च्या सुमारास परत येणार, असं सांगू लागला. पुढं त्याच्या माणसांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारो लोक वाट बघत राहिले, काहींनी पीक तसंच सोडलं. न्यू इप्सविच गावच्या लिओनार्ड हेस्टिंग्जने बटाटे काढलेच नाहीत. येशू आला नाही. पण त्या साली तिकडं बटाट्यावर रोग होता. ज्यांनी वेळेत काढले त्यांचे साठवणीत सडले, आणि हेस्टिंग्जचे उशिरा काढलेले चांगले निघून पुढं बियाण्याला चढ्या भावाने गेले. अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची मंडळी ही गोष्ट अजून श्रद्धेने सांगतात. मला त्यात उशिरा येणारा करपा दिसतो. पाला रोगट असताना काढणी केली की बीजाणू बटाट्याला लागतात आणि ढिगात सड पसरते. म्हणून तर पाला कापून, दोन आठवडे थांबून मग काढायचं सांगतात.

एवढं सगळं ऐकून काकू म्हणाली, "मंजी बटाटं वाचलं की!" मी हात टेकले.

तिची दुसरी कामं मात्र चालू झाली. दुकानदाराची उधारी फेडली. शेजारणीचं दोन पायली बियाणं माघारी दिलं. आणि २१ तारखेला, रविवारी, आमच्या ओसरीवर येऊन बसली. बांधाच्या भांडणावरून आई आणि ती अकरा वर्षं बोलत नव्हत्या. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. चहा दोनदा झाला.

मग तो पाऊस आला. मराठवाडा, सोलापूर आणि आमच्या नगर जिल्ह्याच्या काही भागात त्या दिवसांत काय झालं ते तुम्ही पाहिलंय. माझं सोयाबीन पाण्याखाली गेलं, शेंगांना कोंब फुटले. काकूच्या वावरातून ओढा वाहिला. लागण केली असती तर एक काडी राहिली नसती. रोप घराजवळ गादीवाफ्यावर होतं म्हणून वाचलं. हा कुणाच्या भाकिताचा पुरावा नाही, वाफा उंच होता एवढंच.

२५ला सकाळी मी चिडलेलाच होतो. तिला म्हणालो, "काकू, राहिलीस की गं इथंच." बोलायला नको होतं. ती शांतपणे म्हणाली, "राहिले. पण कुणाचं देणं न्हाई राह्यलं."

दर वर्षी नाताळाआधी आगमनकाळात जागृत राहण्याचा उतारा मंडळीत मीच वाचतो. तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, असं मत्तयाच्या २४व्या अध्यायात येशू सांगतो, हे मी काकूला ठणकावून सांगितलं होतं. त्याच अध्यायात शेतात काम करणारे दोघे आहेत, एक घेतला जातो, एक राहतो. दोघंही कामावर, दोघांचे हात मातीत. बाहेरून फरक दिसत नाही. याकोबाच्या पत्रात पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट बघणारा शेतकरी आहे. त्या मुलखात पेरणीचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो, दाणे भरायचा मार्च-एप्रिलला. वाट बघणं म्हणजे काय ते आपल्याला कळतं. मृगाचा पाऊस कधी ते कुणाला माहीत नसतं, तरी नांगरट, पाळी, बियाण्याची उगवण तपासणी उरकलेली असते. रान तयार नसेल तर आलेला पाऊस काय कामाचा?

तर तारखेचं माझं बरोबर होतं, तिचं चुकलं. आणि माझा सख्खा भाऊ पलीकडच्या वावरात असून विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चार वर्षं मी त्याच्याशी बोललेलो नाही. कागद माझ्या बाजूने आहे असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे त्याची रात्रीची पाळी मीही दोनदा मारली होती. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

पुरात आमच्या दोघांमधला बांध तीस-चाळीस फूट वाहून गेला. वाफसा आल्यावर नव्याने घालावा लागणार. परवा त्याला फोन केला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "शनिवारी ये, दोरी आण." काकूही येते म्हणाली. पाळीचं मी त्याला तिथंच सांगणार आहे, पुढं काय होतं बघू.

रोपाचं बऱ्याच जणांनी विचारलंय. पाणी ओसरून रान वाळायला वेळ गेला, रोप जून झालं. शेंडे छाटून, मुळं बुरशीनाशकात बुडवून गेल्या आठवड्यात लागण झाली. थोडी तूट आहे, नांगे भरतोय.