अण्णांच्या वहीतलं तिकीट

भिवंडी

चि. मीनल,

तू फोटो पाठवलास ते टपाल तिकीट बनावट नाही. पोर्तुगीज तिकिटावर इंग्रजी शिक्का कसा, असं तिकडच्या दुकानदाराला वाटणं साहजिक आहे. त्या शिक्क्याचा अर्थ 'मुक्त प्रदेश'. हा प्रदेश म्हणजे दादरा आणि नगर हवेली.

आपल्याकडून वाडा, मनोर करत तलासरीच्या पुढे गेलं की सिल्वासा लागतं. मुळात नगर हवेलीची गावं मराठ्यांनीच पोर्तुगिजांना दिलेली. आपल्या आरमाराने 'सांताना' नावाचं पोर्तुगीज जहाज धरलं होतं, त्याची भरपाई म्हणून. 1954 साली आझाद गोमंतक दलाच्या आणि इतर तरुणांनी तिथली ठाणी घेतली. 2 ऑगस्टला सिल्वासा पडलं. त्या मुलांत गायक सुधीर फडके, म्हणजे बाबूजी, होते. मोहिमेच्या पैशांसाठी लता मंगेशकर गायल्या. रेडिओवर बाबूजींचा आवाज आला की अण्णा हातातलं काम ठेवायचे. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

खरी गोष्ट यापुढची. भारताने तो मुलूख लगेच आपल्यात घेतला नाही. सात वर्षं वरिष्ठ पंचायतीने कारभार केला, टपालही चालवलं; तुझं तिकीट त्यातलंच. दमणहून तिकडे जायची वाट मागत पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेलं. 12 एप्रिल 1960 ला निकाल लागला: खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, फौजेला नव्हता. फौजेलाही वाट मिळाली असती तर? किंवा पंचायतीने आपलंच राज्य पुढे रेटलं असतं तर? तलासरीच्या वारल्याला पलीकडच्या पाड्यावर दिलेल्या बहिणीकडे जायला पासपोर्ट लागला असता. हा विचार आला की माझ्या पोटात आजही कालवतं.

पंचायतीने मात्र विलीनीकरणच मागितलं. करारावर सही करायला राज्याचा प्रमुख हवा, म्हणून 1961 च्या ऑगस्टमध्ये बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं. एका बाजूला त्यांची सही, दुसऱ्या बाजूला नेहरूंची.

आज सिल्वासाचं पॉलिएस्टर सूत आपल्या गावच्या मागांवर चढतं, आणि ते कुठल्या सीमेवर अडत नाही.

दुकानदार कितीही किंमत देवो, तिकीट देऊ नकोस. येताना दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आण, आणि पावसाळ्यात येणार असलीस तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल. इथल्या ओलीने मागचा गोंद सुटतो.

तुझा,
मामा