कल्याण ५.१

कल्याण आधी ऐकायचं, मग बघायचं.

विश्वास नाही बसत? मग पुढच्या वेळी जंक्शनच्या पुलावर मुंबईकडे पाठ करून दोन मिनिटं उभे राहा. (धक्के बसतील, चालतंय!) समोर अनाउन्समेंट. डावीकडून कसाऱ्याहून येणारी लोकल, उजवीकडून कर्जतची. मागे एका बाजूला वेस्टच्या रिक्षावाल्यांचा 'खडकपाडा, खडकपाडा' असा पुकारा, दुसऱ्या बाजूला गाडी पकडायला धावणाऱ्या पब्लिकच्या चपलांची फटफट. आणि खालून एखादी मालगाडी निघाली की तिची घरघर कानांआधी पोटात पोचते. मोजा बरं! पाच दिशांचे पाच आवाज आणि सहावा पोटातला. होम थिएटरवाले ह्यालाच फाइव्ह पॉइंट वन म्हणतात. १ मे १८५४ रोजी रेल्वे कल्याणपर्यंत आली, तेव्हापासून हा सराउंड साउंड इथे फुकटात मिळतोय.

घरातला मात्र विकत घ्यावा लागतो. त्याची वारी आजही बहुतेकांची लॅमिंग्टन रोडलाच निघते. दादरला गाडी बदला, ग्रँट रोडला उतरा, चार दुकानं फिरा, घासाघीस करा आणि खोकी सांभाळत लगेजच्या डब्यातून परत या. गंमत म्हणजे ह्याच रस्त्यावर मिनर्व्हा थिएटर होतं. १९७५ साली तिथे 'शोले' लागला, ७० एमएमच्या पडद्यावर आणि स्टिरिओफोनिक आवाजात, आणि तब्बल पाच वर्षं मुक्काम ठोकून बसला. मिनर्व्हा आता नाही. पण आवाज अंगावर घ्यायची हौस तिथून जी सुटली, ती थेट आपल्या वन बीएचकेच्या हॉलपर्यंत आली.

असाच एक हॉल खडकपाड्याला, माझ्या मित्राचा. दहा बाय पंधरा. रिसीव्हर नवा, पाच स्पीकर, एक सबवूफर. हा पठ्ठ्या सकाळी सातच्या फास्टने निघतो, रात्री सव्वानऊला घरी. सीएसएमटी इथून चोपन्न किलोमीटर, म्हणजे आठवड्याचे दहा-बारा तास नुसते गाडीत. जेवण होऊन रिमोट हातात येईपर्यंत दहा वाजलेले. आत आई झोपलेली. टीव्हीच्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकांची मुलगी दहावीचा अभ्यास करतेय. काका दोनदा येऊन सांगून गेले, 'अरे, रात्री जरा हळू हं!' तिसऱ्या वेळेची वाट न बघता वहिनींनी अल्टिमेटम दिला. 'रविवारपर्यंत जमवा, नाहीतर सोमवारी विकून टाका.'

म्हणून शनिवारची दुपार, हातात मेजरिंग टेप आणि आम्ही.

फोटोला उभे पाच जण

पाचही स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्ये एका ओळीत, लग्नाच्या फोटोला उभे राहिल्यासारखे. मधल्या स्पीकरपुढे गणपतीची मूर्ती. सबवूफर कोपऱ्यात, काकांच्या भिंतीला चिकटून.

इथेच सगळा घोळ होता. सिनेमातले बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. तोच झाकला की बोलणं पुटपुटल्यासारखं वाटतं. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो. तेवढ्यात हाणामारी सुरू होते, सबवूफर धडधडतो आणि ती धडधड भिंतीतून पलीकडे जाते. कारण बारीक आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते, जाडा आवाज मात्र भिंत आणि स्लॅब दोन्ही हलवून पुढे जातो. काकांना ना हिरो ऐकू येत होता ना हिरॉइन, नुसता ढोल!

तर पहिलं काम, गणपतीबाप्पांना नमस्कार करून देव्हाऱ्यात हलवलं. सेंटर स्पीकर शेल्फच्या कडेपर्यंत पुढे ओढला आणि पुढून किंचित वर उचलला, बसलेल्या माणसाच्या कानाकडे तोंड करून. मग सोफा भिंतीपासून फूटभर पुढे. कानापासून समोरचे स्पीकर आता आठ फुटांवर आले. डाव्या-उजव्या स्पीकरमध्येही साधारण तेवढंच अंतर ठेवलं. शाळेतला समभुज त्रिकोण आठवतोय ना? तोच!

सराउंडचे दोन स्पीकर पार पाठीमागे, डोक्याच्या मागे लावायचे असं अनेकांना वाटतं. पाच स्पीकरच्या मांडणीत त्यांची जागा बाजूला आणि किंचित मागे असते. समोरची दिशा शून्य धरली तर साधारण ११० अंशांवर, कानाच्या पातळीला किंवा थोडं वर. उजवीकडे बाल्कनीची भिंत होती, तिथे ब्रॅकेट ठोकलं. डावीकडे किचनचा पॅसेज, भिंतच नाही. तिथे स्टँड. वायर केसिंग पट्टीतून, स्कर्टिंगच्या कडेने. रिसीव्हर बंद करून लाल टोक लालला, काळं काळ्याला. एका स्पीकरला उलटं झालं तर आवाज पोकळ होतो आणि बास गायब. तांब्याची एखादी तार सुटून शेजारच्या टोकाला टेकली तर शॉर्ट होऊन रिसीव्हर बंदच पडू शकतो.

सबवूफर काकांच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीशी, खाली जाड रबरी मॅट.

शू... माइक चालू आहे!

रिसीव्हरसोबत एक छोटासा माइक येतो. बऱ्याच घरांत तो थर्माकोलसकट माळ्यावर जातो. प्लीज, काढा तो! ट्रायपॉडवर, तुमचा कान जिथे असतो त्या जागी ठेवायचा. मग रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडतो आणि माइकने ऐकून कोण किती लांब, कोण किती मोठ्याने बोलतोय ते ठरवतो.

उजवा सराउंड कानापासून पाच फुटांवर, समोरचे आठ फुटांवर. तीन फुटांचा फरक कापायला आवाजाला अडीच मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढंच थांबवून ठेवतो, म्हणजे सगळे आवाज एकदम कानावर येतात. फास्ट आणि स्लो एकाच वेळी प्लॅटफॉर्मला लावल्यासारखं.

एकच अट, शांतता. पहिल्या प्रयत्नात कुकरची शिट्टी. दुसऱ्यात पंखा बंद करायचा राहिला. तिसऱ्यात खालच्या भंगारवाल्याने गाठलं. चौथ्यांदा जमलं. त्यानंतर दोन गोष्टी हाताने तपासल्या. छोटे स्पीकर सेटिंगमध्ये 'स्मॉल' केले आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवला, म्हणजे त्याखालचा जाडा आवाज त्यांच्याकडे न जाता सबवूफरकडे जातो. टीव्हीचा डिजिटल आउटपुट पीसीएमवर होता. त्यावर अनेक टीव्ही फक्त स्टिरिओ पुढे पाठवतात, पाच स्पीकर असून दोनाचंच काम! बिटस्ट्रीम केलं आणि एचडीएमआयची वायर एआरसी लिहिलेल्या सॉकेटमध्ये आहे ना ते बघितलं.

कानांना सुट्टी

दुपारभर तेच तेच आवाज ऐकून कान शिणतात. मग दुर्गाडीला गेलो. रिक्षाने फार लांब नाही. १६५७ साली कल्याण स्वराज्यात आलं आणि ह्याच खाडीकाठी मराठी आरमाराची सुरुवात झाली. संध्याकाळी वर उभं राहिलं की खाडीचा वारा, पुलावरून भिवंडीकडे जाणाऱ्या ट्रकचे हॉर्न, देवीच्या देवळातली घंटा. सगळं लांबून, बारीक, तरी वेगवेगळं कळतं. कुठला आवाज कुठून येतोय हे सांगायला कुणाला व्हॉल्यूम वाढवावा लागत नाही. आम्हाला घरात हेच हवं होतं.

साडेदहाचा शो

रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळेत रहिवासी भागासाठी आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, २००० सालच्या नियमांनुसार. पण खरा नियम काकांच्या मुलीचा पेपर!

कमी आवाजात आपल्या कानाला जाडे आवाज आणखीच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून हळू लावलं की सिनेमा फिका वाटतो आणि हात रिमोटकडे जातो. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ह्यावर उपाय असतो. एक सेटिंग कमी आवाजात बास सावरून घेतं. दुसरं, नाइट मोड, धमाके दाबतं आणि कुजबुज वर आणतं. शेजारी भिंतीला लागून असेल तर पहिलं बेताने आणि दुसरं बिनधास्त वापरा. वर सेंटर स्पीकर दोन-तीन डेसिबलने वाढवला की संवाद स्वच्छ.

'सैराट' लावला. २०१६ च्या ह्या सिनेमाचं संगीत अजय-अतुलनी थेट हॉलिवूडला जाऊन, सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत रेकॉर्ड केलंय. व्हॉल्यूम रोजच्यापेक्षा बराच कमी. तरी व्हायोलिन्स हॉलभर पसरली, टीव्हीच्या चौकटीबाहेर. वहिनी सोफ्यावर पाय घेऊन बसल्या, अर्ध्या तासाने म्हणाल्या, 'अरे, आज मला एकदाही "काय म्हणाला?" असं विचारावं नाही लागलं.' आतून आईंची हाक आली नाही. सोमवारची विक्री कॅन्सल!

मंडळी, दुकानात वॉटचे आकडे ऐकून हुरळू नका. आपल्या घरांत भिंती कॉमन असतात आणि आपला वेळ रात्री दहानंतर सुरू होतो. रिसीव्हर नीट लावायचा तो हळू ऐकता यावं म्हणून. एक टेप, एक माइक आणि शनिवारची एक दुपार, खर्च एवढाच.

रविवारी सकाळी दूध घेताना काका जिन्यात भेटले. मित्राला म्हणाले, 'काय रे, काल लावलाच नाही वाटतं?'