चेट्टनचं देणं

माझ्या प्रबंधावर नाव माझं एकटीचं आहे. विद्यापीठाची रीतच तशी. पण त्यातली बहुतेक घरटी ज्यांनी दाखवली, त्यांचं देणं प्रस्तावनेतल्या आभारांनी फिटण्यातलं नाही.

ते कादर या आदिवासी जमातीचे. मी त्यांना चेट्टन म्हणायचे, केरळात थोरल्या भावाला म्हणतात तसं. ते मला ‘मोळे’ म्हणजे पोरी म्हणायचे. त्रिशूर जिल्ह्यात चालकुडी नदीच्या काठाने अतिरप्पिळ्ळीचा धबधबा ओलांडून वर गेलं की वाळचालचं सदाहरित जंगल लागतं. दक्षिण भारतातले धनेश पक्ष्याचे चारही प्रकार तिथे नांदतात. देवरुखकडच्या देवराईत लहानपणापासून धनेश बघितलेले, म्हणून हा विषय घेऊन मी तिथे पोचले.

मला सवय दुर्बीण लावून शेंडे धुंडाळायची. चेट्टन खाली बघत चालायचे. एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी ते वाकले. पाचोळ्यावर पांढरी विष्ठा, त्यात रानजायफळाच्या बिया, धुपाच्या कठीण आठळ्या, आणि आजूबाजूला मागच्या वर्षीच्या बियांची उगवलेली रोपं. त्यांनी एक बी उचलली, अंगठ्याने चोळली. ओली होती. ‘आजची,’ म्हणाले आणि मला घेऊन पाखासारख्या पसरलेल्या मुळामागे जाऊन बसले. पायांवर जळवा चढत होत्या. त्यांनी चुन्याची डबी माझ्याकडे सरकवली.

बऱ्याच वेळाने भाता ओढल्यासारखा पंखांचा आवाज आला. महाधनेशाचा नर. लगेच ढोलीकडे गेला नाही, फांदीवर बसून चारी दिशा बघून घेतल्या. मग ढोलीच्या फटीतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर आलं आणि नराने घशातून एकेक उंबर वर काढून तिला भरवायला सुरुवात केली. मादी विष्ठेने आणि चोथ्याने दार लिंपून आत कोंडून घेते. महिनोन्महिने तिचा आणि पिल्लाचा घास त्या एकट्याच्या चोचीत. नर मारला गेला किंवा माणूस बघून बुजला तर आख्खं बिऱ्हाड उपाशी. म्हणून चेट्टन मला आडोशाला घेऊन बसले होते.

तरुणपणी त्यांनी स्वतः पिल्लं काढून खाल्ली होती. मधासाठी चढतात तसंच, खोडात बांबूच्या मेखा ठोकत, एकीवर पाय देऊन दुसरी ठोकत वर. हे त्यांनी मला न लाजता सांगितलं, चवही सांगितली. गेल्या वीसेक वर्षांत वनखात्याने आणि अभ्यासकांनी घरट्यांच्या राखणीचं काम कादरांनाच दिलं, तेव्हापासून वार्ताहर येऊन ‘शिकारी झाला राखणदार’ असं लिहून जातात. मला त्या मथळ्याचा राग येतो. पोकळ झालेली जुनी झाडं कादरांच्या मेखांनी संपली नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1963 पर्यंत परांबिकुळमहून चालकुडीपर्यंत खास ट्रामवे धावत होती, सागवान आणि शिसव वाहायला. मग धरणं आली, 1957 साली पेरिंगलकुत्तू, पुढे शोलयार, आणि पाण्याबरोबर कादरांच्या वस्त्या हलल्या. अतिरप्पिळ्ळीच्या 163 मेगावॉटच्या प्रकल्पाविरुद्ध कादर उभे राहिले तेव्हा हा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात होता. 2014 मध्ये नऊ वस्त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या जंगलात आजोबा-पणजोबा वावरले त्याचा कागद आता कुठे हाती आला!

चेट्टननी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती: झाड कुठे आहे ते लिहायचं नाही. त्यामुळे माझ्या प्रबंधात घरट्यांचा नकाशा नाही. तोंडी परीक्षेत त्यावरून बरीच ओढाताण झाली, शेरा पडला, पदवी लांबली. नकाशा मात्र मी दिला नाही. एवढंच काय ते मी त्यांच्यासाठी केलं असेन.

बाकी अजून त्यांच्याकडून घेतेच आहे. हल्ली मी देवरुखला असते, हंगामात गावातल्या पोरांना घेऊन देवराईतल्या बेहड्यांखाली जमीन तपासत हिंडते. यंदा एका ढोलीखाली बिया दिसल्या आणि मी तिथूनच फोन लावला. त्यांच्या मुलीने स्पीकरवर टाकला.

‘ओल्या की सुक्या?’

‘सुक्या, चेट्टा.’

‘मग तिथे उभी काय राहिलीस, मोळे? पुढचं झाड बघ.’